भरतीच्या वेळी पक्ष्यांनी बसायचे कुठे?

मा. मुख्यमंत्री, महाराष्ट्र राज्य यांस,


ठाणे खाडीला २०१५ मध्ये फ्लेमिंगो अभयारण्याचा आणि २०२२ मध्ये रामसर स्थळाचा दर्जा मिळाला, याचा आम्हा पक्षीप्रेमींना अभिमान आहे. पण या संरक्षणात एक मोठी फट राहिली आहे.

खाडीचा चिखल पक्ष्यांच्या वाट्याला येतो तो ओहोटीला. पाणी उतरले की टिलवे, तुतवार, चिखल्या, पाणटिवळे चिखलात चोची खुपसून किडे, शिंपले, बारीक खेकडे टिपतात. भरतीला, म्हणजे दिवसातून दोनदा, हा सगळा चिखल पाण्याखाली जातो. बदकांसारखे तरंगत राहणारे हे पक्षी नव्हेत. ते उठतात आणि काठालगतच्या उथळ तळ्यांवर येतात: उरणला पाणजे, भेंडखळ, नवी मुंबईत डीपीएस, एनआरआय. तिथे वाऱ्याकडे तोंड करून, एका पायावर, चोच पाठीच्या पिसांत खुपसून दाटीने उभे राहतात. छोटा टिलवा हा जेमतेम २५-३० ग्रॅमचा जीव. आर्क्टिकच्या काठावरून येतो आणि उन्हाळ्यात तिकडेच परततो. अंगावर चढवलेली चरबी हीच त्याची वाटेतली शिदोरी. टेकायला जागा नसली की भरतीभर घिरट्या घालण्यातच ती संपू लागते.

म्हणजे खाडी राखली आणि तळी बुजवली, तर राखलेली खाडीही त्यांच्या फारशी कामाची उरत नाही. पाणजेला भरतीचे पाणी येण्याच्या वाटा अडवल्याच्या तक्रारी कित्येक वर्षांच्या आहेत. पाणी तुटले की कुठलेही तळे सुकते, चिखलाला भेगा पडतात, मग भराव येतो. त्यानंतर ‘इथे पाणथळ नाहीच’ म्हणणे फार सोपे होते. कोलंबी, निवट्या, जिताडा धरणाऱ्या गावकऱ्यांची रोजीही त्याबरोबर बुडते. शिवाय जवळच नवी मुंबईचा विमानतळ आहे. हुसकलेले थवे मोकळी, सपाट जागाच शोधणार, म्हणजे धावपट्टीकडेही वळणार, हा धोका बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीच्या (बीएनएचएस) अभ्यासकांनी आधीच दाखवून दिला आहे.

डीपीएस तलावाला संवर्धन राखीव क्षेत्र करण्याचे पाऊल २०२५ मध्ये आपल्याच शासनाने उचलले. ते अगदी योग्य होते. आता पाणजे आणि भेंडखळ २०१७ च्या पाणथळ नियमांखाली अधिसूचित करावीत. मात्र अधिसूचनेला वेळ लागतो, म्हणून भरतीच्या वाटा आधी मोकळ्या कराव्यात. त्यासाठी आपला एक आदेश पुरे. ऑगस्टअखेरीस पहिले थवे उतरू लागतात. त्याआधी पाणी तळ्यांत आलेले असावे, एवढी विनंती.

आपला,
एक पक्षीनिरीक्षक