चौथा भाग

२०२० च्या टाळेबंदीनंतर आम्ही कोलशेतच्या वस्तीत रविवारी फॉर्म भरून द्यायला बसू लागलो. एक भगिनी आल्या. पती ठेकेदाराकडे कामाला होते, कोरोनात गेले. पीएफच्या कागदावर नॉमिनी म्हणून लग्नाआधी लिहिलेले दिराचे नाव. त्यावरून घरात अबोला. वास्तविक लग्न होताच ते जुने नॉमिनेशन रद्द होते, हक्क बायको-मुलांकडे येतो. हे त्या माउलीला वर्षभर कोणी सांगितलेच नव्हते!

तथागतांनी सिगाल या तरुण गृहस्थाला मिळकतीचे चार भाग सांगितले: एक खर्चाला, दोन कामधंद्याला, चौथा संकटासाठी. ‘आमच्या पगारात चौथा उरतो कुठे?’ असे बांधव विचारतात. खरे आहे. पण पीएफ हा कापून ठेवलेला चौथा भागच आहे. नोकरीत असताना मृत्यू आला, तर त्याला जोडलेल्या विम्याचे ७ लाखांपर्यंत मिळू शकतात.

तेव्हा बंधूंनो, आज पगाराची चिठ्ठी काढा. पीएफ कापला असेल तर तो भरला जातो का, विचारा. पत्नीला शेजारी बसवून नॉमिनीचे नाव वाचा. घरावरची माया कागदावरही दिसू द्या.

जयभीम!