कोर्टाची पायरी आणि शहाणे पालक

नगरच्या सत्र न्यायालयाने 23 नोव्हेंबर 2017 रोजी खर्डा गावातील दलित मुलाच्या खुनाच्या खटल्यातील आरोपींना निर्दोष ठरवून मोकळे केले, आणि ज्याच्या शाळकरी पोराचे प्रेत 2014 च्या एप्रिलात झाडाला लटकलेले सापडले होते, तो मजुरी करणारा बाप रित्या हातांनी घरी परतला. न्यायाधीशांना बोल लावण्यात हशील नाही. न्यायासन पुराव्यावर चालते, आणि पुरावा ज्यांनी द्यावयाचा ते साक्षीदार, त्यांत विद्यादानाची भाकरी खाणारे शिक्षकही, ऐनवेळी फितूर झाले. ही फितुरी एकट्या खर्ड्यात उपजलेली नाही. ती घरोघर, आईबापांच्या तोंडून, शहाणपण म्हणून पढविली जाते.

नागराज मंजुळे यांचा ‘फँड्री’ हा चित्रपट खुनाच्याच वर्षी, 2014 साली, 14 फेब्रुवारीस पडद्यावर आला, एप्रिलच्या मध्यास त्याला राष्ट्रीय पुरस्कार जाहीर झाले आणि अभिनंदनाचे हार सुकण्यापूर्वीच, 28 एप्रिलला, खर्ड्याचा तो खून घडला. कैकाडी घरातला जब्या, वरच्या जातीतील शालूवर जडलेला त्याचा मुका जीव, आणि पोटासाठी पोराला साऱ्या शाळेच्या देखत डुकरामागे धावावयास लावणारा बाप कचरू यांना पाहून आमचे सुशिक्षित पालक हेलावले. बाबूराव पेंटरांनी 1925 साली ‘सावकारी पाश’ निर्मून दारिद्र्याचे अलंकारहीन दर्शन घडविले, त्या आमच्या कोल्हापुरात अशा चित्रपटाचे कौतुक व्हावे हे उचितच होते. पण कौतुक झाले आणि तेथेच सारे संपले. जब्याने शेवटी भिरकावलेला धोंडा सरळ प्रेक्षागृहाच्या रोखाने येतो. तो कोण्या दूरच्या गावकऱ्यांसाठी आहे, अशी सोयीस्कर समजूत करून घेऊन आम्ही मुलांचे हात धरून बाहेर पडलो.

कचरूला निष्ठुर म्हणणे फार सोपे आहे. हातावर पोट असलेल्या त्या बापाला नमते घेण्यावाचून दुसरी विद्या ठाऊकच नाही, म्हणून तो तीच पोराला देतो. परंतु ज्यांची पोटे भरलेली आहेत, ते आम्ही आमच्या मुलांना काय देतो? रस्त्यात कोणी कोणास मारीत असेल तर ‘आपल्याला काय करायचंय, चल पुढं’, पोलीस विचारावयास आले तर ‘आम्ही घरात नव्हतो’, आणि या सर्वांवर कळस म्हणून ‘शहाण्याने कोर्टाची पायरी चढू नये’! खर्ड्यात भिऊन जबाब फिरविणाऱ्याला निदान आपले शेत, आपली मजुरी आणि आपले गाव सांभाळावयाचे होते. अशी कोणतीही धास्ती नसता तेच शहाणपण पोरांच्या कानी ओतणाऱ्या नागर पालकांची अब्रू कोणी सांभाळावी?

याच कोल्हापूरच्या करवीर संस्थानात शाहू छत्रपतींनी 1917 साली प्राथमिक शिक्षण सक्तीचे व मोफत केले, तेव्हा मुलास शाळेत न धाडणाऱ्या पालकाला दरमहा एक रुपया दंड ठेवला. 1919 साली अस्पृश्यांच्या निराळ्या शाळा मोडून सर्वांना एका छपराखाली बसविण्याचा हुकूम काढला. पालकत्व ही खासगी बाब नसून त्याचा जाब दरबारात द्यावा लागतो, हा त्या दंडाचा अर्थ होता. आज मूल शाळेत जाते, पण त्याच शाळेतील दुबळ्या सोबत्यावर जुलूम झाला तर त्याने तोंड मिटून बसावे, हा धडा त्याला घरीच मिळतो, आणि त्याबद्दल कोणत्याही पालकाला दमडीचा दंड होत नाही. शाहूंच्या पुतळ्याला हार घालणाऱ्या या शहराने ही गोष्ट एकदा शरमेने ऐकून घ्यावी.

सरकारने तातडीने उच्च न्यायालयात अपील करावे आणि फितूर साक्षीदारांवर, विशेषतः शिक्षकांवर, कायदा चालवावा, यात दुमत नाही. परंतु सरकारच्या दारावर घोषणा देऊन पालकांची सुटका व्हावयाची नाही. जे पाहिले ते सांगावे, समन्स आले तर कोर्टाची पायरी चढावी आणि उलटतपासणीत डगमगू नये, एवढे तीन शब्द ज्या आईबापाला आपल्या लेकरास सांगण्याची छाती नसेल, त्याने ‘फँड्री’ची स्तुती आजपासून बंद करावी, त्या स्तुतीचा जब्याला काडीचाही उपयोग नाही.