क्षमा फक्त सुनेनंच करायची?



नवऱ्याचं बाहेर काही आहे असं कळलं, की आमच्या तामलवाडीपासून सोलापूरपर्यंत बाईला एकच सल्ला मिळतो. "आपण जैन आहोत. क्षमा कर, घर सांभाळ." सांगणाऱ्याही बहुतेक बायकाच. मुलाला कुणी "तू काय केलंस ते सांग" म्हणत नाही. उलट बिचारा ताणात आहे म्हणून त्याच्या आवडीची भाजी होते!

हा धर्म नाही. स्वदारसंतोष, म्हणजे आपल्याच बायकोत समाधान मानणं, हे श्रावकाच्या पाच अणुव्रतांतलं आहे. व्रत मोडल्यावर काय करायचं तेही तत्त्वार्थसूत्राच्या नवव्या अध्यायात आहे. प्रायश्चित्ताचे नऊ भेद, त्यात पहिली आलोचना: आपला दोष काही न लपवता आपल्याच तोंडानं सांगणं. आपण ती पायरी गाळतो आणि बायकोला थेट क्षमावाणीला नेऊन उभी करतो. त्यानं दोष कबूलच केला नाही, तर तिनं माफ काय करायचं?

आणि बाईवर नुसता संशय आला तर? पद्मपुराणातली अंजना आठवा. लग्नानंतर 22 वर्षं पवनंजयानं तिला दूर ठेवलं. एका रात्री तो लपून आला, तिला दिवस गेले, आणि सासूनं, केतुमतीनं, तिला घराबाहेर काढलं. माहेरनंही थारा दिला नाही. दोष नसताना! तेव्हा उत्तम क्षमा कुणाला आठवली?

कित्येकजणी लेकरांसाठी, पैशांसाठी, त्याच्यावरच्या मोहापायी राहतात. राहू देत, त्यांना नावं ठेवू नयेत. पण त्याला क्षमा म्हणू नका. क्षमा म्हणजे मनातलं वैर सोडणं. ते वेगळं राहूनही सोडता येतं.

2018 साली सुप्रीम कोर्टानं कलम 497 रद्द केल्यापासून "आता तो गुन्हाच नाही" असंही ऐकवतात. फौजदारी गुन्हा नाही, खरंय. पण 1955 चा हिंदू विवाह कायदा आपल्यालाही लागू आहे आणि त्यात व्यभिचार हे घटस्फोटाचं कारण आजही आहे. मात्र त्याच कायद्याच्या कलम 23 प्रमाणे, माफ करून पुन्हा संसार सुरू केला असेल, तर त्या गोष्टीवरून घटस्फोट मिळत नाही. म्हणून "माफ केलं म्हण आणि नांदायला ये" अशी घाई करणाऱ्यांना आधी थांबवा, वकिलाला विचारा.

सासूबाईंनो, यंदा भाद्रपदात सुनेच्या आधी लेकाला समोर बसवा.