सेन्सरचा दिवा आणि साधे बटण

मुले परगावी असली की आईवडिलांच्या घरी हालचाल ओळखणारे दिवे बसवून जातात. हेतू चांगलाच! पण माझे मत विचाराल तर अशा दिव्याच्या जोडीला साधा दिवा हवाच.

हा सेन्सर माणूस ओळखत नाही, अंगाची हलती ऊब ओळखतो. संडासात आपण स्वस्थ बसलो, की ठरल्या वेळाने अंधार! मे महिन्यात भिंतीच अंगाइतक्या तापतात, तेव्हा तर त्याला आपण धड 'दिसत'ही नाही.

दिवा बिघडला असे वाटले, तर आधी भिंतीवरचे बटण अर्धा मिनिट बंद ठेवावे. चालू केल्यावर मिनिटभर थांबावे, सेन्सर स्थिरावायला तेवढा वेळ लागतो. बटण भराभर खालीवर करू नये. त्याने काही दिवे चालूच राहतात. सेन्सरवरची धूळ, जळमटे पुसावीत. वेळेचा स्क्रू असेल तर वेळ वाढवावी.

एवढे करूनही आमच्या वयात रात्री अंधारात पाय घसरण्याची भीती उरतेच. म्हणून मुलांनो, सेन्सर जरूर लावा. पण पलंगावरून हात पोचेल असे एक साधे बटणही द्या. ते आम्ही हललो नाही तरी आमचे ऐकते.

तुम्हांला काय वाटते? जरूर कळवा.