पेंढ्याचे बोर्ड : भांडवल कोठे घालावे?

शेतातील टाकाऊ मालापासून पार्टिकल बोर्ड तयार करण्याचा धंदा ऐकायला मोठा आकर्षक आहे. कच्चा माल फुकट, झाड तोडायला नको आणि गिऱ्हाईक नव्या मुंबईत तयार! पण पनवेलच्या व्यापारी बंधूंनी भांडवल घालण्यापूर्वी हा ‘फुकट’ शब्द नीट तपासावा, असे आमचे मत आहे.

आपला मुलूख भाताचा. पेंढा गुरांना लागतो, त्याला भाव आहे. त्यातील सिलिकामुळे यंत्राची पाती लवकर बोथट होतात. शिवाय पेंढ्यावर मेणासारखा थर असतो. नेहमीचा स्वस्त युरिया-फॉर्मल्डिहाइड डिंक त्याला नीट धरत नाही, महागडा आयसोसायनेट लागतो. पेंढ्यात वाचलेला पैसा डिंकात जातो.

महाराष्ट्रात हा उद्योग उभा राहिला तो उसाच्या पट्ट्यात. सोलापूर जिल्ह्यातील वेळापूर येथे इकोबोर्ड कंपनीने बगॅसपासून बोर्ड काढले. पण तेथेही गाळप काही महिन्यांचे आणि प्रेस चालवायचा बारमाही. साठवलेला बगॅस कुजतो, आगीचे भय वेगळेच. त्यातच साखर कारखाने तो जाळून वीज करून विकू लागले. मग बगॅस स्वस्त कसा मिळणार?

विदर्भातील पऱ्हाटीचा बोर्ड चांगला होतो, कारण ती लाकडासारखीच असते. माटुंग्याच्या केंद्रीय कापूस तंत्रज्ञान संशोधन संस्थेने ते करून दाखवले आहे. मात्र शेतोशेती फिरून पऱ्हाटी गोळा करणे खर्चाचे, आणि पनवेलपर्यंतचे भाडे तर मुळीच परवडणारे नाही.

पनवेल एकेकाळी बैलगाडीच्या चाकांसाठी प्रसिद्ध होते. कमाई कारागिराच्या हातात होती, आजही तेथेच आहे. दोघातिघांनी भागीदारीत कटिंगचे आणि कडेला पट्टी बसवण्याचे यंत्र घ्यावे व आसपासच्या मिस्त्रींना मापाप्रमाणे माल तयार करून द्यावा. कोकणच्या पावसात बोर्ड फुगतो तो मुख्यतः उघड्या कडेतून, आणि बदनाम होतो मिस्त्री. माल घेताना आयएस 3087 हा मानक शिक्का पाहावा. सिंकखाली साधा पार्टिकल बोर्ड बसवूच नये, आणि गिऱ्हाईक स्वस्ताईसाठी हट्ट धरत असेल तर त्याला कारण आधीच स्पष्ट सांगावे. काम एखादे कमी मिळेल, पण पावसाळ्यानंतर तक्रार घेऊन कोणी दुकानात येणार नाही.