रंगपेटीचा हक्क

शाळेच्या वेळापत्रकात चित्रकलेच्या तासाला दुय्यम स्थान असते आणि त्या तासाला दिव्यांग विद्यार्थ्याचे स्थान तर त्याहूनही खालचे. अंध मुलीने स्वस्थ बसून राहावे, बोटे नीट वळत नसलेल्या मुलाने इतरांचे कागद गोळा करावेत, असा शिरस्ता अनेक शाळांत पडला आहे. यात कोणाचा दुष्टावा नसतो, दयाबुद्धीच असते. परंतु दया जेथे येते तेथून हक्क निघून जातो, हे समाजवादी कार्यकर्त्यास सांगावयास नको.

विनोदबिहारी मुखर्जी यांची दृष्टी पन्नाशीनंतर पूर्णपणे गेली. तरीही १९७२ साली त्यांनी शांतिनिकेतनच्या कलाभवनात फरशांचे भित्तिचित्र उभे केले. बालपणीच श्रवणशक्ती गमावलेले सतीश गुजराल मुंबईच्या जे. जे. स्कूल ऑफ आर्टमध्ये शिकले. ही उदाहरणे स्फूर्तिदायक खरीच. पण असामान्यांचे दाखले देऊन सामान्यांचा हक्क सिद्ध करावा लागू नये. गणिताच्या तासाला बसण्यासाठी कोणत्याही मुलाला आपण रामानुजन असल्याचे सिद्ध करावे लागत नाही.

साधनांच्या खर्चाची सबब तर मुळीच टिकत नाही. कुंचल्याच्या दांड्याला चिंधी गुंडाळली की अशक्त बोटांना पकड मिळते. कागद चिकटपट्टीने मेजावर बसवला की एका हाताने काम करता येते. डिंकावर लोकरीचा धागा चिकटवला की आकृतीची कड अंध मुलीच्या बोटांना कळते. माती तर सर्वांनाच सारखी वश होते. कर्णबधिर मुलाकडे तोंड करून बोलावे, कृती आधी करून दाखवावी. बौद्धिक अक्षमता असलेल्या मुलाला एका वेळी एकच पायरी द्यावी. यास पैसा लागत नाही, जाणता शिक्षक लागतो.

आणि नेमका तोच नाही. २००९ च्या शिक्षणहक्क कायद्याच्या परिशिष्टात कलाशिक्षणासाठी निदेशकाची तरतूद आहे. पण ती सहावी ते आठवीपुरती, शंभरांहून अधिक पट असलेल्या शाळेसाठी, आणि तीही अर्धवेळ. म्हणजे लहान गावची शाळा कायद्यानेच वगळली गेली. पुढे २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्याने प्रत्येक विद्यार्थ्याच्या गरजेनुसार वाजवी सोयी देण्याचे बंधन घातले, मान्य अपंगत्वांचे प्रकार सातांवरून एकवीस केले. एका कायद्याने हक्क दिला, दुसऱ्याने तो बजावणारा माणूस दिला नाही. 'अपंग' जाऊन 'दिव्यांग' हा शब्द आला. मुलाचा कोपरा मात्र बदलला नाही.

शिक्षकाचे वेतन हाच येथील खरा खर्च आहे, आणि तो टाळण्यासाठीच दयेची भाषा शासनाला सोयीची वाटते. म्हणून मागणी स्पष्ट हवी: लहान शाळांच्या गटास मिळून एक पूर्णवेळ कलाशिक्षक, आणि त्याच्या प्रशिक्षणात दिव्यांग विद्यार्थ्यांना शिकवण्याच्या पद्धतींचा सक्तीने समावेश.

तोवर कार्यकर्त्यांनी स्वस्थ बसण्याचे कारण नाही. शाळा व्यवस्थापन समितीत तीन-चतुर्थांश सदस्य पालक असतात आणि शाळेचा विकास आराखडा हीच समिती करते. त्या आराखड्यात रंग, माती आणि दिव्यांग मुलांच्या सोयी यांची नोंद व्हावी, असा आग्रह प्रत्येक गावात धरता येईल. समतेची लढाई कारखान्यात आणि शेतात लढली जाते, तशी ती चित्रकलेच्या तासालाही लढावी लागेल.