भिंत जाड, तरी का पडली?

मुलांनो, पक्कं घर कोणतं, असं आमच्या कामरगावात विचारलं की पोरं लगेच सांगतात, "ज्याची भिंत जाड ते!" आता किल्लारीची गोष्ट ऐका.

२९ सप्टेंबर १९९३ ला अनंत चतुर्दशी होती. गणपती बोळवून माणसं झोपली आणि ३० तारखेच्या पहाटे ३ वाजून ५६ मिनिटांनी लातूर आणि उस्मानाबाद (आताचा धाराशिव) जिल्ह्यांतली जमीन हादरली. आठ ते दहा हजार माणसं गेली, बहुतेक स्वतःच्याच घराखाली दबून. त्या घरांच्या दगडी भिंती तर दोन-तीन फूट जाड होत्या!

पण ती भिंत दिसायला एक, आतून दोन. बाहेर दगडांचा एक पदर, आत दुसरा, मधे चिखल आणि बारके दगड. हादरा बसताच पदर फाकले, भिंतीला पोट सुटलं आणि ती ढासळली. वर मातीचं माळवद, म्हणजे आमच्या वऱ्हाडातलं धाबं. गळू नये म्हणून त्यावर पुन्हा पुन्हा माती टाकायची. दहा बाय दहाच्या खोलीवर दोन फूट माती साचली तर ती झाली २०० घनफूट, म्हणजे सुमारे ९ टन. भरलेला ट्रकच की डोक्यावर! उन्हाळ्यात थंडावा मिळतो, हे खरं. पण वजन जितकं जास्त, तितका भूकंपाचा हिसकाही जोराचा.

म्हणून इंजिनिअर भिंत नुसती जाड करत नाहीत, घर बांधून ठेवतात. भिंतीत थोड्या थोड्या अंतरावर या पदरातून त्या पदरात जाणारे लांब दगड बसवतात. दार-खिडक्यांच्या वर, चारही भिंतींवरून, सळ्या घातलेला काँक्रीटचा पट्टा फिरवतात. बैलगाडीच्या चाकाला लोखंडी धाव असते ना, तसाच. तो कोपऱ्यात तुटला की कामातून गेला.

सिमेंटचं घर असलं तरी निश्चिंत राहू नका. कॉलमच्या रिंगा बीमच्या जोडापाशी जवळ जवळ हव्यात आणि त्यांची टोकं आत वळवलेली हवीत. घर बांधायला काढलं असेल तर स्लॅब पडायच्या आधी बाबांना हे दाखवा. "आपल्याकडे कुठे भूकंप होतो?" असं ते म्हणतील. १९९३ च्या नकाशात किल्लारीसुद्धा सर्वात कमी धोक्याच्या पट्ट्यात होती. २००२ मध्ये नकाशा बदलला.

आता एक प्रयोग. काड्यापेट्यांच्या दोन उंच चळती एकमेकींना चिकटून रचा आणि टेबल हलवा. मग पुन्हा रचा, पण दर तिसऱ्या थरावर दोन्ही चळतींवर एक पेटी आडवी ठेवा. आता तितकंच हलवा आणि काय दिसलं ते वहीत लिहा.